हनुवटीवर दोन बोटं

शेजारच्या बसच्या खिडकीत बसलेल्या एका अनोळखी बाईने भर दुपारी मला माझ्या नावाने हाक मारली. हाक मारली म्हणजे आधी काचेसमोर हात हलवून तिने माझी नजर ओढून घेतली, मग स्वतःच्या हनुवटीवर दोन बोटं टेकवली, जरा आत दाबली आणि माझ्या दिशेने झटकली. एवढंच. चौकातल्या गर्दीत दोन्ही बस शेजारी शेजारी अडकल्या होत्या, मध्ये दोन काचा आणि हातभर ऊन. माझ्या मांडीवर दातांचा डबा होता. मी दात बनवते. आमच्या लॅबमधून मेणात बसवलेली एक पूर्ण कवळी दवाखान्यात पोचवायची आणि तिथून लेकीकडे जायचं, असं ठरवून निघाले होते. मेणातले दात म्हणजे तान्ह्या बाळासारखे, जरा धक्का लागला की जागा सोडतात, म्हणून डबा दोन्ही हातांनी धरला होता. तर तो डबा मी सोडला. मी सोडला असं म्हणणंही खरं नाही. माझा उजवा हात आपला आपण वर गेला, त्याने मनगटाची मागची बाजू नाकाखालून खस्सकन पुसली, आणि खिडकीतल्या त्या बाईचा चेहरा उजळला. कारण ते तिचं शाळेतलं नाव होतं. शेंबडी. डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा, केस नीट कापलेले, गळ्यात रेशमी रुमाल, आणि मी भर बसमध्ये नाक पुसून तिला शेंबडी म्हणून हाक मारली होती. माझ्या शेजारचा माणूस जरा सरकून बसला. बाईला सर्दी झालीय, असं वाटलं असणार त्याला.

हात माझेच होते. रोज मेण तापवणारे, दाताची एकेक कड कोरणारे. पण हे त्यांना कुणी आठवून दिलं? शाळा सुटल्यापासून, म्हणजे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून, मला या नावाने कुणी हाक मारलेली नव्हती. माझ्या हनुवटीला खळी आहे. शाळेतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी ती बघितली आणि माझं नाव ठरलं. आमच्यात तसंच असतं. माणसात दिसेल ते बघायचं आणि त्याचं नाव करून टाकायचं, त्याला विचारायचं नाही. आणि हे नाव बहिऱ्यांनीच द्यायचं, ऐकणाऱ्याने नाही. ‘आमच्यात’ हा शब्द मी आत्ता किती सहज म्हणाले! त्या दिवशी बसमध्ये तो मनात आला तेव्हा मी दचकलेच. शेंबडी तिकडून भराभर विचारत होती. काय विचारतेय ते मला आधी कळत होतं, आणि कसं कळतंय ते अजूनही कळलेलं नाही. मूल? एक, मुलगी. तिने कानाला बोट लावलं, तेच बोट ओठांपाशी नेलं आणि भुवया उडवल्या. बहिरी? मी ओठांसमोर बोट गोल फिरवलं. ऐकणारी. तिने तोंड वाकडं केलं, हात झटकला: अरेरे! जाऊ दे, गुणी असली तर चालतं. आणि डोळा मिचकावला. मला हसू फुटलं. माझी मुलगी ऐकणारी निघाली तेव्हा सगळ्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला होता, मीसुद्धा, आणि इथे कुणीतरी माझं त्याबद्दल सांत्वन करत होतं. मग ती खिडकीत सरसावून बसली. मला नातू झालाय, बहिरा आहे! छाती पुढे काढून, लोक ‘आमचा नातू डॉक्टर आहे’ म्हणतात तसं. तुला? नात, एवढीशी. पुन्हा ते बोट, कानाकडून ओठांकडे, आणि वर गेलेल्या भुवया. बहिरी? माझा हात अर्ध्यावर थांबला. मला माहीत नव्हतं. बाळाच्या कानांची तपासणी झाली होती, निकाल आला होता, आणि लेकीने मोबाइलवर फक्त ‘ये’ एवढंच लिहिलं होतं. तेवढ्यात तिची बस हलली. जाता जाता ती खदाखदा हसत दोन्ही हातांनी काहीतरी म्हणाली. तिची बस दिसेनाशी झाल्यावर त्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरला: तू अजून लहान पोरीसारखी बोलतेस!

खरंच होतं ते. मोठं व्हायला माझ्या हातांना वेळच कुठे मिळाला? बस सुरू झाली तरी मी माझ्या तळव्यांकडे बघत बसले. शाळेच्या दारावर पाटी होती: मूकबधिर मुलांची शाळा. मला सोडायला येणारी आई त्या पाटीखालून मान खाली घालून जायची. वर्गात हात वापरायची बंदी होती, तिथे आम्ही ओठांचे चंबू करून हवा सोडत बसायचो. पण जिन्याखाली पाण्याचे नळ होते, आणि मधल्या सुट्टीत तिथे आमची जी काही बडबड चालायची ती बघितली असती तर पाटी लिहिणाऱ्याने ‘मूक’ तेवढं पुसून टाकलं असतं. भांडणं, चहाड्या, शाळा सोडून गेलेल्या सरांच्या नकला, खोटी भुतं. एक मोठी मुलगी रोज एक गोष्ट सांगायची, राक्षसाची, आणि राक्षस दार उघडायच्या नेमक्या वेळेला थांबायची, म्हणजे उद्यापर्यंत आमच्या जिवाची नुसती तगमग. एकदा आईबरोबर एका दुकानात गेले असताना काउंटरच्या पलीकडे शाळेतला एक मुलगा दिसला आणि मी दोन्ही हात वर करून त्याला तो राक्षस सांगायला लागले. दुकानातली माणसं थांबून बघायला लागली. आईने माझे दोन्ही हात एका मुठीत धरले आणि मला बाहेर ओढलं. त्यानंतर मी शाळा पाहिली नाही. राक्षसाने दार उघडलं का, तेही मला कधी कळलं नाही. घरात वेताची एक खुर्ची होती. आई मला तिच्यावर बसवायची, तळवे खाली उपडे घालून त्यांच्यावर, आणि समोर आरसा घेऊन बसायची. तिचा गळा चाचपायला मिळावा म्हणून एक हात तेवढा मधूनच सुटायचा. ‘प’ म्हटला की कागदाची पट्टी हलली पाहिजे, ‘ब’ म्हटला की गळा थरथरला पाहिजे. हात बाहेर आला की आईचे ओठ म्हणायचे, “हात खाली.” माझ्या आयुष्यात ओठांवरून मी सर्वांत आधी वाचलेले शब्द तेच असावेत. उठले की तळव्यांवर वेताची जाळी उमटलेली असायची, लालभडक, आणि ती बुजेपर्यंत मी मुठी मिटून ठेवायचे. आईने माझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं, हे मी नाकारत नाही. मला तिचा राग येतो हेही नाकारत नाही. दोन्ही एकदम येतं आणि मग काय करावं ते सुचत नाही.

आणि शिकलेच मी. आमच्या घरात ‘बहिरी’ हा शब्द नव्हता. ‘तिला जरा कमी ऐकू येतं,’ एवढंच. हे ‘जरा’ आईचं. पुढे ते लग्नात माझ्याबरोबर नवऱ्याच्या घरी आलं, तिथून लॅबमध्ये आलं. खरं तर कानातलं यंत्र काढलं तर शेजारी कारखान्याचा भोंगा वाजला तरी मला पत्ता लागायचा नाही. पण कानावर केसांची बट, तोंडावर हसू, आणि समोरच्याच्या ओठांवर नजर, की झालं. ओठ वाचता वाचताच मी दातांच्या धंद्यात पडले असेन. कुणी बोलायला लागलं की मला शब्दांआधी त्याच्या समोरच्या दातांमधली फट दिसते. लॅबमध्ये प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले असतात. जबड्याच्या सांध्यासारखा एक लोखंडी सापळा असतो, त्यात वरचा-खालचा बसवून मी उघडमीट करून बघते. मालक म्हणतात, “तुमच्या हाताखालून गेलेली कवळी पहिल्या दिवसापासून बोलते हो.” घासायचं मशीन सुरू झालं की बाकीच्यांची डोकी उठतात आणि ते एकमेकांवर ओरडतात, मी मात्र खोलीच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या गप्पा वाचते. चारचौघांत कुणी विनोद केला की मी इतरांच्या पाठोपाठ हसते, पण इतकी लगोलग की ते मागून हसणं कुणाच्या लक्षात येत नाही. ही माझी खरी कला, कवळी तिच्यापुढे काहीच नाही. नवरा चांगला आहे. चारजणांत बोलणं माझ्या हातून निसटलं की तो शेवटचा शब्द माझ्याकडे वळून पुन्हा म्हणतो. शेवटचाच. बाकीचं मी ‘काय झालं?’ विचारलं की त्याचे ओठ म्हणतात, “काही नाही गं, नंतर सांगतो.” हे ‘नंतर’ माझ्या आयुष्यात अजून यायचंय. दिवा मालवला की आमचं बोलणं संपतं. अंधारात मला नवरा असतो, पण त्याला तोंड नसतं. आणि लोक माझं कौतुक करतात ते एकाच वाक्याने: कुणाला कळतसुद्धा नाही! मी ते वाक्य छातीवर पदक मिरवावं तसं मिरवत आले. शेंबडीला मात्र दोन काचांच्या पलीकडून कळलं. त्या दिवशी उकाड्यामुळे मी केस वर बांधले होते.

दवाखान्यात डबा दिला तेव्हा आतला एक दात हललेला होता. मी म्हटलं, “माझ्याकडून झालं.” डॉक्टर काहीतरी म्हणाले, मी वाचलंच नाही. लेकीच्या घराचा जिना चढताना मी स्वतःशी हात हलवत होते, चोरून, पिशवीच्या आड. पाणी. राक्षस. उद्या. घंटीचं बटण दाबलं आणि जावयाने दार उघडलं. आत नवरा आधीच येऊन बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकवून. लेक खिडकीपाशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि खिडकी तिच्या पाठीशी, म्हणजे तिचा चेहरा पूर्ण काळोखात. मी हाताने सांगितलं, सरक. एरवी तिला ते बरोबर सुचतं, लहानपणापासून ती उजेड तोंडावर घेऊन बोलते. त्या दिवशी विसरली होती. ती सरकली तेव्हा दिसलं की रडून रडून तिचे डोळे सुजलेत.

“आई,” ती म्हणाली, “बाळाला तुझ्यासारखंच आहे.”

माझ्यासारखंच. मला आधी खात्रीच होईना की मी बरोबर वाचलं. हिचे डोळे तुझ्यासारखे, हिची खळी तुझ्यासारखी, असं काहीतरी ती म्हणतेय असं वाटून मी बाळाकडे पाहिलं. बाळ माझ्याकडेच टक लावून बघत होतं. आणि मला हळूहळू कळलं की ‘तुझ्यासारखं’ हा या खोलीतला आजचा सर्वांत वाईट शब्द आहे, त्याच्यावरून लेक दोन दिवस रडतेय, आणि ती ते मला, माझ्याच तोंडावर, मीच तिचं सांत्वन करावं म्हणून सांगतेय. तासाभरापूर्वी हीच बातमी एका बाईने छाती पुढे काढून सांगितली होती. माझ्या डोक्यात दोन्ही चेहरे एकमेकांवर बसेनात, वरचा जबडा एकाचा आणि खालचा भलत्याचाच घेतल्यासारखं झालं.

“पण तुम्ही काळजी करू नका, आई,” जावई खुर्ची माझ्यासमोर ओढून बसला. तो माझ्याशी नेहमी सावकाश आणि मोठं तोंड करून बोलतो, त्यामुळे उलट वाचायला कठीण जातं, पण मनाचा सरळ आहे. “मी सगळं वाचून काढलंय. आता ‘बहिरी’ वगैरे कुणी म्हणत नाही. ‘ऐकण्याची अडचण असलेलं बाळ’ असं म्हणायचं. लवकरच यंत्र बसवू, पुढे ऑपरेशनही होतं. शिकवणाऱ्या बाई येणार आहेत. मोठी होईपर्यंत कुणाला...”

“कुणाला कळणारसुद्धा नाही,” नवऱ्याने वाक्य पुरं केलं. आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, कौतुकाने, नमुना म्हणून मांडलेल्या वस्तूकडे बघावं तसं.

मी विचारलं, “अडचण कुणाची?”

“म्हणजे?” जावई गोंधळला.

मला पुढचं बोलता येईना, कारण तेवढ्यात बाळाच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. तिच्या दोन्ही हातांत मोजे होते. पांढरे, मऊ सुती, बोटं नसलेले, मनगटावर नाडीने बांधलेले. जन्मल्याबरोबर घालतात तसले, ओरखडे काढू नये म्हणून. आठ महिन्यांच्या पोरीला कोण घालतं ते? बाळ दोन्ही पांढरे गोळे डोळ्यांसमोर आणून बघत होतं आणि खाली टाकत होतं. “हे कशाला?” मी विचारलं. लेकीने तिला जवळ ओढलं, मोज्यांवरून तिच्या मुठी अलगद एका मुठीत धरल्या, किती प्रेमाने धरल्या होत्या, तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ मोठे करून म्हणाली, “आ... ई.” मग माझ्याकडे वळून: “सारखी हात करते गं. दिव्याकडे हात, पंख्याकडे हात, माझ्याकडे हात. हाताची सवय लागली तर तोंड उघडायची नाही. बाईंनी नाही सांगितलं, मलाच सुचलं. आजीने तुझे हात असेच आवरले ना? तूच तर सांगायचीस. म्हणून तर तू इतकं छान बोलतेस.”

मीच सांगायचे. खरंच की. वेताच्या खुर्चीची गोष्ट मी तिला हसत हसत सांगितली होती, कितीदा तरी, तळव्यांवरच्या जाळीसकट, गंमत म्हणून. त्या गोष्टीत माझे हात होते हे मलाच कधी दिसलं नव्हतं, मग तिला कुठून दिसणार? माझे तळवे चुरचुरायला लागले. खाली पाहिलं तर मी सोफ्यावर बसले होते, तळवे उपडे मांडीखाली घालून, आणि त्यांच्यावर. मी नेहमी तशीच बसते. लेकही तशीच बसते, शाळेत तिच्या बाईंनी एकदा विचारलंही होतं, ही हातांवर का बसते? आम्ही दोघी हसलो होतो. आणि मला आईचे हात आठवले. आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी पलंगाशी बसले होते. मास्कच्या आत वाफ धरायची आणि वाफेच्या आड तिचे ओठ हलायचे. ती मला काहीतरी सांगत होती, मलाच, नजर माझ्यावर रोखलेली, पुन्हा पुन्हा तेच, आणि मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी मास्क सरकवायला गेले तर नर्सने माझा हात बाजूला केला. आईचे दोन्ही हात चादरीवर मोकळे पडले होते. धडधाकट हात. त्यांना काही बांधलेलं नव्हतं, पण त्यांना काही येत नव्हतं, आणि जे मला येत होतं ते तिनेच माझ्याकडून काढून घेतलं होतं. नंतर सगळे विचारायला लागले, काय म्हणाल्या शेवटी? नवऱ्याने माझ्या वतीने सांगून टाकलं, “आशीर्वाद दिला.” मला ते कधीच कळलं नाही. आई काय म्हणाली ते मला कधीच कळणार नाही. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते, आणि त्या खोलीत ते माझ्या तोंडून निघून गेलं, सगळंच्या सगळं, कुठे आवाज चढला कुठे बुडाला मला माहीत नाही. नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

“मी बहिरी आहे,” मी म्हणाले. हे वाक्य मी तोंडाने त्याआधी कधीच म्हटलं नव्हतं. ‘ब’ म्हणताना गळा थरथरला, अगदी आईने शिकवला तसा.

“अगं, असं काय बोलतेस? तुला फक्त जरा...” नवरा म्हणाला.

“जरा नाही. आणि ही पण बहिरी आहे. यंत्र बसवा, ऑपरेशन करा, बाईंना बोलवा, माझं काही म्हणणं नाही. मोजे काढा.”

मी उठले आणि बाळाच्या मनगटावरची नाडी सोडायला लागले. लेकीने मुलीला मागे ओढलं. ती ओरडत होती, म्हणजे मानेच्या शिरा ताणल्या होत्या. “आई, नको ना! हात दिले तर ती तिकडची होईल! मला कुठे येतंय ते? मी तिच्याशी काय बोलू? माझी मुलगी माझ्यासमोर हात करेल आणि मला काही कळायचं नाही, हे चालेल तुला?” तिचे ओठ इतके थरथरत होते की मला निम्मं अंदाजाने घ्यावं लागलं. पण भीती खरी होती. तिची चूक नव्हती. तिला वाटत होतं की या दोन पांढऱ्या पिशव्यांत तिने मुलीला आपल्यापाशी धरून ठेवलंय. मी म्हणाले, “मला आईने इकडे ठेवलं. आयुष्यभर. बघितलंस ना शेवटी काय झालं ते.” आणि एक मोजा ओढून काढला, मग दुसरा.

बाळाची मूठ घामेजून सुरकुतलेली होती. तिने ती डोळ्यापाशी नेली आणि हळूहळू उघडली, आधी करंगळी, मग बाकीची बोटं एकदम, आणि त्या उघडलेल्या पंजाकडे आश्चर्याने बघत राहिली. पुन्हा मिटली, पुन्हा डोळ्यापाशी उघडली. मी पाहत होते. आणि माझ्याही हाताने, कुणाला न विचारता, डोळ्यापाशी मूठ नेली आणि उघडली. बाळाने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा केलं आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

“काय करतेस?” लेकीने विचारलं.

“नाव ठेवलं तिचं.”

“तिचं नाव आहे! आम्ही ठेवलंय!”

“ते तुमचं. तिला ते ऐकू येत नाही. हे तिला दिसतं.”

लेकीचा चेहरा असा झाला की जणू मी तिला थोबाडीत मारली. जावई मध्ये पडला, काहीतरी ‘शांत व्हा’सारखं, नवरा त्याच्याशी बोलायला लागला, दोघंही एकमेकांकडे तोंड करून, भराभर, माझ्यासाठी शेवटचा शब्दसुद्धा न ठेवता. झालं. मी त्या बोलण्याबाहेर पडले. मी मोजे टेबलावर ठेवले, पिशवी उचलली आणि दाराकडे वळले. एकदा पाठ वळवली की माझ्यापुरतं कुणी काही म्हणत नाही. भांडणात ही माझी मोठी सोय आहे, आणि ती किती दुष्ट सोय आहे हेही मला माहीत आहे. मी वळले की मागची माणसं मुकी होतात. दाराच्या कडीला हात लावला. बाहेर जाऊन कुठे जाणार होते? शेंबडीचा पत्ता नव्हता, तिची बस कुठल्या रस्त्याची तेही पाहिलं नव्हतं. या शहरात माझ्या हातांना ओळखणारी एकच बाई दिसली आणि तीही काचेपलीकडून निघून गेली.

तेवढ्यात पायाखालची फरशी हादरली. एकदा, मग दोनदा. टाचांतून पोटऱ्यांत. मला ते क्षणभर ओळखू आलं नाही आणि मग इतकं ओळखू आलं की कडी हातातून सुटली. लेक तीन-चार वर्षांची होती तेव्हा मला अशी बोलवायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी ओट्याशी पाठमोरी उभी असायचे, ती मागे येऊन पाय आपटायची, आणि मी वळायचे. मग खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, नवऱ्याने तिला दटावलं, शहाण्या मुली पाय आपटत नाहीत. तेव्हापासून ती माझ्यासमोर येईपर्यंत थांबायला शिकली, आणि मोठी झाल्यावर कधी कधी न येताच निघून जायला.

मी वळले. लेक खोलीच्या मधोमध उभी होती, कडेवर बाळ, चेहऱ्यावर खिडकीतला उजेड सरळ पडलेला. ओठ घट्ट मिटलेले. ती बोलत नव्हती. तिने मोकळा हात वर केला, डोळ्यापाशी मूठ नेली आणि उघडली, चुकीची, सगळी बोटं एकदम, आणि बाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. तुझं? तुझं आहे का असलं काही? मी हनुवटीवर दोन बोटं टेकवली, जरा आत दाबली. तिने माझ्या खळीकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग स्वतःच्या हनुवटीवर दोन बोटं टेकवून माझ्याकडे झटकली. माझ्या पोटच्या पोरीने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. पण ती थांबली नव्हती. तिने तोच हात आपल्या छातीवर ठेवला आणि भुवया पुन्हा वर नेल्या, आणि डोळ्यांत पाणी असून तशाच धरून ठेवल्या.

आणि माझं?

मी हात उचलला आणि तो हवेतच राहिला. नाव द्यायला माणूस बघावं लागतं. हिला काय आहे? खळी आहे का? हसताना एक डोळा मिटतो का? केस कानामागे सारते का, बोलताना मान कलते का? मला ठाऊक नव्हतं. तिच्या समोरच्या दोन दातांमध्ये केसाएवढी फट आहे आणि खालचा सुळा जरासा वळलेला आहे, हे मी डोळे मिटून मेणात करून दाखवलं असतं. तिचा प्रत्येक शब्द मी तिच्या तोंडावरून उचलून घेतला होता, ती बोलायला लागली त्या दिवसापासून, एकही सांडू नये म्हणून, आणि एवढ्या वर्षांत माझी नजर माझ्या मुलीच्या ओठांवरून एकदाही हलली नव्हती. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघायला लागले.